प्रकल्प नोंदी: अपलिंकचे डेसिबल

४ सप्टेंबर

आज कामाची हद्द ठरली. ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातलं आमचं चाचणी बेस स्टेशन, त्यावर एलटीईचे (म्हणजे ४जीचे) १०-१० मेगाहर्ट्झचे दोन कॅरिअर, म्हणजे वाहक सिग्नल. डाउनलिंकची (आमच्याकडून मोबाइलकडे) केंद्रं ९३० आणि ९५५ वर. अपलिंक (मोबाइलकडून आमच्याकडे) त्याखाली ४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८८५ आणि ९१० वर. तक्रार एकच आहे: सेलच्या, म्हणजे स्टेशनच्या क्षेत्राच्या, कडेला मोबाइलला आमचं ऐकू येतं, पण त्याचं बोलणं आमच्यापर्यंत पोचत नाही.

यात नवल नाही. बेस स्टेशन एका कॅरिअरला ४३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) सोडतं, म्हणजे २० वॉट. मोबाइल फार तर २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॉट. वीस डेसिबलची, म्हणजे शंभर पट तफावत. बॅटरीमुळे आणि शरीराजवळच्या उत्सर्जनाच्या मर्यादेमुळे मोबाइलची ताकद वाढवणं आमच्या हातात नाही. जे काही मिळवायचं ते आमच्याच बाजूला: अँटेना, त्यामागचा पहिला ॲम्प्लिफायर आणि दोन शाखांचे (अँटेनाच्या दोन पोर्टवरून येणारे) सिग्नल एकत्र करायची रीत.

सध्याची मांडणी अशी: खांबावर अँटेना, तिथून खाली लांब फीडर केबल, त्यात ३ डेसिबल जातात, आणि तळाशी ४ डेसिबल नॉइज फिगरचा (स्वतः किती गोंगाट मिसळतो त्याचं माप) रिसीव्हर. दोन्ही मिळून ७.

५ सप्टेंबर

पूर्ण दिवस कागदावर. पाया तोच: सामान्य तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम नॉइज. एलटीईच्या १० मेगाहर्ट्झमध्ये प्रत्यक्ष वापर ९ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ५० रिसोर्स ब्लॉक (पट्टा वाटून द्यायचे तुकडे). तेवढ्या रुंदीत नॉइज उणे १०४.५ डीबीएम. त्यात आपले ७ मिळवले की उणे ९७.५. कडेवरच्या मोबाइलचा सिग्नल या गोंगाटाशी झुंजतो.

फ्रिसचं १९४४ चं सूत्र पुन्हा मांडलं. साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा नॉइज पूर्ण मोजला जातो, पुढच्यांचा मात्र पहिल्याच्या गेनने, म्हणजे तो सिग्नल जितक्या पट वाढवतो त्याने, भागून. आपल्याकडे पहिला टप्पा आहे केबल, आणि केबलला गेन नाही, नुसता लॉस. म्हणजे साखळीतली सगळ्यात मोक्याची जागा आपण सगळ्यात निरुपयोगी वस्तूला दिलेली आहे.

ॲम्प्लिफायर वर, अँटेनाच्या पायाशी नेला तर? त्याचा नॉइज फिगर १.५ आणि गेन १२ डेसिबल धरला. पटीत सांगायचं तर १.४१ आणि १५.८. मागची केबल व रिसीव्हर मिळून ७ डेसिबल, म्हणजे ५ पट. १.४१ अधिक (५ वजा १) भागिले १५.८, उत्तर १.६७, म्हणजे २.२ डेसिबल. अँटेना आणि ॲम्प्लिफायरमधला छोटा जंपर ०.३ खातो, तो सरळ वर चढतो. एकूण २.५. नॉइजची पातळी उणे ९७.५ वरून उणे १०२ वर. साडेचार डेसिबल.

या वरच्या ॲम्प्लिफायरला आम्ही टीएमए (टॉवर माउंटेड ॲम्प्लिफायर) म्हणतो. त्याची किंमतही आजच लिहून ठेवते: डाउनलिंकसुद्धा त्याच डब्यातल्या डुप्लेक्सरमधून (दोन दिशांचे सिग्नल वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून) जाणार, त्यामुळे तिथे काही दशांश डेसिबल कमी होतील. कडेवर डाउनलिंक पुरून उरतो, तेव्हा हा सौदा मान्य.

९ सप्टेंबर

टेबलावर पहिला टीएमए. ट्रान्झिस्टर दोन वेगळ्या गोष्टी मागतो. सगळ्यात कमी नॉइजसाठी त्याला समोर एक विशिष्ट इम्पीडन्स (विद्युत अवरोध) दिसावा लागतो, आणि परावर्तन कमी व्हायला वेगळाच. एकाचं ऐकलं की दुसरा बिघडतो. म्हणून दोन सारखे ॲम्प्लिफायर ९० अंशांच्या दोन हायब्रिडमध्ये (सिग्नल दोन भागांत वाटणाऱ्या आणि पुन्हा जोडणाऱ्या जोडांमध्ये) बसवले. प्रत्येकाचं परावर्तन हायब्रिडच्या बंद केलेल्या टोकाला जाऊन जिरतं, आणि ट्रान्झिस्टर नॉइजला जुळवून ठेवता येतो. हायब्रिडचा दशांश-दीड दशांश डेसिबल लॉस पदरात घ्यावा लागतो, पण ॲम्प्लिफायरआधीचा फिल्टर चांगल्या परावर्तनाशिवाय आपला आकारच धरत नाही, म्हणून हे हवंच.

मोजणीने मात्र घाम काढला. नॉइज सोर्स चालू-बंद करून दोन पातळ्यांचं गुणोत्तर घ्यायचं, त्यातून नॉइज फिगर काढायचा. पहिलं उत्तर २.१, पुढचं १.६, मग २.४. कनेक्टर बदलले, नॉइज सोर्सचा तक्ता पुन्हा भरला, फरक पडेना. मग आकडा नेमका कधी उडतो ते बघत बसले. शेजारच्या टेबलावरचा फोन नेटवर्कशी बोलला की उडत होता. बरोबरच आहे, आपण मोजतोय तोच त्याचा पट्टा. सगळ्यांचे फोन बाहेर ठेवले, डब्याचं झाकण सगळ्या स्क्रूंनी बंद केलं, एकामागून एक दहा वाचनं घेतली. १.५ वर स्थिर.

११ सप्टेंबर

बैठकीत सूचना आली, गेन २४ डेसिबल का नको? हिशोब तिथेच फळ्यावर केला. २४ ने टीएमएसकट नॉइज फिगर २.२ वरून १.५५ होतो. म्हणजे बारा डेसिबल गेन वाढवून हाती पाऊण डेसिबलही नाही.

आणि नुकसान मोठं. ३जीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या बेस स्टेशनसाठीच्या नियमांत पट्ट्यातला उणे ४३ डीबीएमचा परका सिग्नल आत असताना रिसीव्हरने काम करत राहायचं असतं. १२ च्या गेनमधून केबलचे ३ वजा करून तो रिसीव्हरच्या तोंडाशी उणे ३४ वर येतो. २४ केले तर उणे २२ वर. तिसऱ्या क्रमाची विकृती (सिग्नल एकमेकांत मिसळून उपजणारे नको ते सिग्नल) दर डेसिबलला तीन डेसिबलने चढते. बारा डेसिबलला छत्तीस, म्हणजे हव्या सिग्नलच्या तुलनेत चोवीसने वाईट. संवेदनशीलतेच्या रकान्यात छान दिसण्यासाठी रिसीव्हर आंधळा करून घेण्यात अर्थ नाही.

१२ च ठरला. रिसीव्हरच्या तोंडाशी सिग्नल कमी करणारा ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर, तो एरवी बाहेर, जोरदार परका सिग्नल आला तरच आत. तो आत असताना नॉइज फिगरमध्ये दोन डेसिबल जातात, हे वापरणाऱ्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहायचं आहे.

१६ सप्टेंबर

अँटेनाचा पॅटर्न मोजून झाला. आठ क्रॉस-पोल घटक, म्हणजे दोन काटकोनी ध्रुवणांचे (लहरीच्या कंपनाच्या दिशांचे), अधिक-उणे ४५ अंशांचे, एकमेकांपासून ०.८५ तरंगलांबीवर. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३३ सेंटिमीटर, म्हणजे अंतर २८ सेंटिमीटर आणि एकूण उंची सव्वादोन मीटर. उभ्या प्रतलात बीमची रुंदी साडेसात अंश, आडव्यात ६५. दोन पोर्टमधलं आयसोलेशन (एकाचं दुसऱ्यात न झिरपणं) सगळ्या पट्ट्यात ३० डेसिबलच्या वर.

टिल्ट, म्हणजे बीमचा खालचा झुकाव, विजेने देतोय. ४ अंश खाली झुकवायला शेजारच्या घटकांत २१ अंशांचा फेज फरक, ६ अंशांना ३२. पॅनेल हाताने वाकवून टिल्ट देणं सोपं असतं, पण मला ते पटत नाही. वाकवलेल्या पॅनेलचा बीम समोर झुकतो, बाजूला जवळपास झुकतच नाही आणि मागे चक्क वर उठतो. जिथे शेजारच्या सेलला त्रास होतो तिथेच तो कमी पडतो. फेजने झुकवलेला बीम सगळीकडे सारखा खाली येतो.

२२ सप्टेंबर

दोन शाखा एकत्र करायचं सॉफ्टवेअर चाललं.

या भागावर माझा जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर. मोबाइलकडून सिग्नल अनेक वाटांनी येतो, त्या वाटा कधी एकमेकींना धरून उभ्या राहतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. थेट वाट नसेल तर एका शाखेवर सिग्नल सरासरीच्या १० डेसिबल खाली असण्याची शक्यता साडेनऊ टक्के असते. दोन स्वतंत्र शाखा असतील आणि त्यातली चांगली नुसती निवडली, तरी ही शक्यता एक टक्क्याच्या आत येते. न निवडता दोन्ही शाखा आपापल्या ताकदीच्या प्रमाणात वजन देऊन जोडल्या तर अर्ध्या टक्क्यापर्यंत, आणि सरासरीत ३ डेसिबल वर. कान यांनी १९५४ साली आणि ब्रेनन यांनी १९५९ साली हे गणित मांडलं होतं. रोज वापरूनही मला अजून त्याचं अप्रूप वाटतं: नवी ताकद कुठूनच आलेली नसते, फक्त दोघं एकाच वेळी खड्ड्यात नसतात.

पण ते स्वतंत्र असले तरच. मोबाइलजवळ अर्धी तरंगलांबी सरकलं तरी चित्र बदलतं, कारण सिग्नल विखुरणाऱ्या वस्तू त्याच्या चहुबाजूंना असतात. उंच खांबावरून त्या सगळ्या एका अरुंद शंकूत दिसतात, त्यामुळे तिथे दोन उभे अँटेना आडव्या दिशेत दहा-दहा तरंगलांबी, म्हणजे तीन मीटरहून दूर ठेवावे लागतात. तेवढी जागा खांबावर नाही. दोन ध्रुवणं एकाच पॅनेलमध्ये मावतात. उभं-आडवं न घेता तिरकं ४५ घेतलं, कारण उभ्या-आडव्यात एक शाखा सरासरीनेच अशक्त राहते. तिरक्यात दोघींना वाटा सारखा मिळतो.

२९ सप्टेंबर

सगळं खांबावर चढलं. डाउनलिंकचे दोन्ही कॅरिअर अधिक ४५ च्या पोर्टवरून जातात, दुसरी शाखा फक्त ऐकते. दोन्ही शाखांना आपापला टीएमए. रात्री रिकाम्या सेलवर नॉइज मोजला: दोन्ही शाखांवर उणे १०२ डीबीएम. कागदावरचा आकडा खांबावर तसाच मिळणं वारंवार घडत नाही. आज झोप चांगली लागेल.

३० सप्टेंबर

दिवसा पूर्ण कृत्रिम लोड दिला, म्हणजे डाउनलिंकचे सगळे रिसोर्स ब्लॉक भरून. ८८५ चा कॅरिअर जागचा हलला नाही. ९१० वर मात्र पहिल्या शाखेचा नॉइज उणे ९५ वर, दुसरीचा उणे ९७ वर. लोड काढला की खाली, दिला की वर. म्हणजे आपण जे सोडतो तेच आपल्या कानात परत येतंय.

एकाच कॅरिअरवर का, हे आकड्यांतून लगेच उलगडलं. दोन डाउनलिंकची तिसऱ्या क्रमाची विकृती: दोनदा ९३० वजा ९५५, बरोबर ९०५. कॅरिअरना रुंदी आहे, त्यामुळे ती सुमारे ८९१ पासून ९१९ पर्यंत पसरते. आपला ९१० चा कॅरिअर ९०५ ते ९१५ असा पूर्ण तिच्या पोटात. ८८५ चा ८९० ला संपतो, काठावरून सुटतो. ट्रान्समीटरचे फिल्टर ठीक आहेत हे आधीच तपासलेलं. मग ही विकृती फिल्टरच्या पुढे, वीज न घेणाऱ्या एखाद्या सांध्यात तयार होते आहे. पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन, आमच्या भाषेत पीआयएम.

१ ऑक्टोबर

सगळ्यांचं बोट टीएमएकडे, कारण नवी वस्तू तीच. ते टीएमए काढून थेट जंपर जोडला. लोड दिल्यावर नॉइज ७ ऐवजी ४ डेसिबलच वाढला. "बघा, कमी झाला," असं कोणीतरी म्हणालं. पण हा आकडा तसा वाचायचा नाही. पीआयएमची ताकद अँटेनाशी उणे ९६ च्या आसपास येते. ती उणे १०२ च्या तळावर पडली की ७ डेसिबल उचलते, जुन्या उणे ९७.५ च्या तळावर पडली की ४. पीआयएम दोन्ही वेळा तोच.

म्हणजे हा दोष आपण येण्याआधीपासून तिथे होता. जुना रिसीव्हर स्वतःच्याच गोंगाटात इतका बुडालेला होता की त्याला तो पुरता दिसलाच नाही. आणि पूर्ण लोडवर टीएमएचा खरा फायदा किती? उणे ९३.७ वरून उणे ९५. साडेचार डेसिबलचं वचन, हातात सव्वा. ज्या वेळी लोकांना नेटवर्क लागतं त्याच वेळी.

२ ऑक्टोबर

पहिल्या शाखेचे सगळे ७-१६ कनेक्टर उघडले, पुसले, टॉर्क पान्याने ३० न्यूटन-मीटरला आवळले. रबरी हातोडीने एकेका सांध्यावर हलकेच ठोकत स्क्रीन पाहिली. रेघ हलली नाही. सांधे निर्दोष आहेत.

३ ऑक्टोबर

दोष खांबाच्या वायरिंगमध्ये की बाहेर, यासाठी आज सरळ प्रयोग केला. ९३० अधिक ४५ च्या पोर्टला, ९५५ उणे ४५ च्या पोर्टला. आता कोणत्याही एका फीडरमध्ये दुसरा कॅरिअर ३० डेसिबलने क्षीण आहे. विकृती आत तयार होत असेल तर तीही तेवढीच कोसळायला हवी. नॉइज ७ च्या जागी ६ डेसिबल वाढला. म्हणजे दोन्ही कॅरिअर हवेत भेटतायत आणि अँटेनाच्या समोरच कुठेतरी मिसळतायत. दोन्ही शाखांवर नॉइज का होता तेही यातून कळतं. आत असता तर दुसरी शाखा बहुतेक शांतच राहिली असती.

संध्याकाळी वाद झाला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आयआरसी (इंटरफिअरन्स रिजेक्शन कम्बायनिंग) आहे: जोडताना नुसती ताकद न बघता दोन शाखांवरचा गोंगाट एकमेकांशी कसा जुळतो तेही बघतं आणि त्या दिशेने कान बंद करतं. ते चालू केल्यावर पीआयएम बराचसा नाहीसा झाला, कारण तो एकाच जागेहून दोन्ही शाखांवर ठरलेल्या फेजने येत होता. "मग प्रश्न सुटला, पुढे चला," असा सूर निघाला.

मी अडून बसले. विंटर्स यांनी १९८४ साली दाखवून दिलं आहे की अँटेना जितके, त्याहून एक कमी इतके उपद्रवी सिग्नल दाबता येतात. आपल्याकडे दोन शाखा, म्हणजे एक. तो एक कान शेजारच्या सेलमधल्या मोबाइलसाठी हवा आहे, तोच तर या पद्धतीचा उद्देश. तो आपण कुठल्याशा गंजलेल्या लोखंडावर खर्च करायचा? आणि दोष झाकला गेला की नोंदीतूनही जातो, पुढचा माणूस वर्षभर शोधत बसेल. आयआरसी बंद ठेवायचं ठरलं, दोष सापडेपर्यंत.

७ ऑक्टोबर

ट्रान्समीटर बंद करून, बंद असल्याची दोनदा खात्री करून, तंत्रज्ञ काका खांबावर चढले. मी खाली वॉकीटॉकी घेऊन. अँटेनाच्या पुढ्यात, खालच्या कडेपासून हातभर अंतरावर जुन्या अँटेनाचा एक ब्रॅकेट तसाच राहिलेला. अँटेना उतरवताना कोणीतरी तो सोडून दिलेला.

"ताई, याचा बोल्ट हातानेच फिरतोय."

"पान्याशिवाय?"

"नुसत्या बोटांनी. आणि मध्ये सगळा गंज."

खाली आणल्यावर नीट पाहिला. दोन पट्ट्या एकमेकींवर टेकलेल्या, मधल्या फटीत विटकरी भुकटी, बोटाला लागणारी. एका कडेला धातू धातूला घासून चकाकत होता, वाऱ्याने हलत असणार. लोखंड, गंज, लोखंड, असा हा थर. घट्ट आवळलेला असता तर वीज सरळ पार गेली असती. सैल असल्यामुळे गंजातून जाते आणि गंज दोन्ही दिशांना सारखी वागणूक देत नाही. वीस वॉटचे दोन कॅरिअर त्यावर पडले की तो एक छोटा मिक्सर होतो आणि ९०५ वर बोलायला लागतो.

८ ऑक्टोबर

ब्रॅकेट नसताना पूर्ण लोडवर ९१० चा नॉइज: पहिली शाखा उणे १०१.६, दुसरी उणे १०१.८.

तो ब्रॅकेट प्रयोगशाळेत पीआयएम ॲनालायझरला जोडलेल्या अँटेनासमोर टांगला. प्रत्येकी ४३ डीबीएमचे दोन टोन, ९२५ आणि ९६० वर, विकृती ८९० वर बघायची. आमची मर्यादा उणे १५३ डीबीसी (कॅरिअरच्या तुलनेतले डेसिबल), म्हणजे उणे ११० डीबीएम. ब्रॅकेटशिवाय अँटेना त्याच्या आत. ब्रॅकेट टांगला की रेघ उणे ९० च्या वर, आणि लाकडी काठीने हलवला की वरखाली नाचते. उभारणीच्या यादीत ओळ घातली: अँटेनाच्या समोर आणि बाजूला उरलेलं प्रत्येक जुनं लोखंड काढायचं, नुसतं रंगवायचं नाही.

१५ ऑक्टोबर

आता शेजारच्या सेलचा प्रश्न. दिवसा अपलिंकला त्रास नॉइजचा कमी आणि परक्या मोबाइलचा जास्त. अँटेना ३० मीटरवर, टिल्ट ४ अंश. दोन किलोमीटरवरचा परका मोबाइल क्षितिजाखाली ०.९ अंशावर दिसतो, आपल्या कडेचा ७०० मीटरवरचा २.५ अंशांवर. टिल्ट ६ केला तर परका साडेतीन डेसिबलने घटतो, पण आपला कडेचाही २.२ ने.

जुन्या रिसीव्हरबरोबर हा सौदा परवडला नसता. रात्री परके मोबाइल शांत असतात, तेव्हा २.२ डेसिबल सरळ खड्ड्यात गेले असते. आता टीएमएचे साडेचार हाताशी आहेत. त्यातले २.२ टिल्टला दिले तरी रात्री कडेवर जुन्यापेक्षा २.३ ने आपण वरच.

२१ ऑक्टोबर

टिल्ट ६ अंशांवर ठेवून आठवडाभर मोजलं. दिवसा कडेवरचा अपलिंक सुधारला, रात्री ७०० मीटरवर जुन्या मांडणीपेक्षा सुमारे दोन डेसिबल वर. आयआरसी आजपासून कायम चालू. आता तो एक कान मोकळा आहे आणि मोजणीत तो शेजारच्या मोबाइलवर लागलेला स्पष्ट दिसतो.